डेल्फीनबाईंचे कागद बाद झाले

आमच्या सिडर स्ट्रीटची डावी बाजू एका आमदाराच्या मतदारसंघात, उजवी दुसऱ्याच्या. दोघंही साठ मैलांवर राहतात. आमचा नाला दोघांनीही पाहिलेला नाही. दर मोठ्या पावसात तो डेल्फीनबाईंच्या स्वयंपाकघरात शिरतो, आणि तक्रार नेली की हा म्हणतो त्याच्याकडे जा, तो म्हणतो ह्याच्याकडे. आमच्या राज्यात जनगणना झाली की मतदारसंघांच्या रेघा हीच मंडळी आपल्या सोयीने मारतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

यंदा राज्यातल्या काही लोकांनी ठरवलं, हे काम आमदारांकडून काढून साध्या नागरिकांच्या मंडळाकडे द्यायचं. पण तसा प्रस्ताव मतदानाला यायचा तर प्रत्येक जिल्ह्यातून ठरावीक सह्या हव्यात. आमच्या भागाचं काम डेल्फीनबाई टगल यांनी अंगावर घेतलं. वय एकाहत्तर, गुडघे कामातून गेलेले. चर्चच्या दारात, न्हाव्याच्या दुकानात, शनिवारी मासे तळतात तिथे, चार महिने बाई कागद घेऊन उभ्या. चारशे बारा सह्या जमवल्या. मी थट्टा करायचो, बाई, आता तुम्हीच आमदार व्हा.

आणि मग माशी शिंकली. सह्या गोळा करणाऱ्याने प्रत्येक कागदाच्या तळाशी शपथेवर सही करायची असते की हे सगळे माझ्यासमोर सही करून गेले. ती कागद भरल्यावर, शेवटी. बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या कागदांवर सही-तारीख करून टाकली होती. तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काढलेली; तिथे फ्रीजच्या तपमानाच्या वहीत सकाळीच दिवसभराच्या सह्या ठोकून मोकळ्या व्हायच्या. मी शेजारीच बसून कागदांना टाचण्या लावत होतो. माझ्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही, याची मला अजून लाज वाटते.

एकूण एक कागद बाद. आमचा जिल्हा कमी पडला आणि प्रस्तावच बारगळला. नव्या रेघा आमदारांनीच मारल्या. आता पुढच्या जनगणनेपर्यंत त्या हलत नाहीत.

 तिसऱ्या दिवशी बाई निघाल्या, घरोघरी, सही वाया गेली म्हणून सांगायला. मी म्हटलं, कोण विचारतंय तुम्हाला? तर म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडे बघून सही केली होती त्यांनी."

कोणी हात धरला, कोणी दार लावून घेतलं. एक जण तोंडावर म्हणाला, वाचता येत नव्हतं का? बाईंनी ऐकून घेतलं. मी सोबत होतो. माझंच डोकं फिरलं.

शेवटचं घर लुशस पेटवे यांचं. म्हातारा अठ्ठ्याऐंशीचा. सगळं ऐकून त्याने विचारलं, "मग आता परत कधी?"

"दहा वर्षांनी, लुशसदादा."

 तो खिशातून पेन काढून म्हणाला, "मग माझी सही आजच घेऊन ठेव, पोरी."

तशी चालत नाही, हे त्याला सांगायची हिंमत बाईंना झाली नाही. त्यांनी पर्समधला किराण्याच्या यादीचा कागद उलटा करून त्याच्यापुढे धरला.