आमचा युरोपियन प्लॅन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये मध्ये थांबावं लागणार नाही. हा किस्सा निखिलकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेला बरा, कारण माझा नवरा त्यात मीठमसाला घालतो. मी घालणार नाही. गरजच नाही.

तर, मी शाळेत इंग्रजी शिकवते. सहावी आणि सातवीला. त्यामुळे आमच्या मानेवाड्याच्या घरात इंग्रजीचा कुठलाही मामला निघाला, वॉशिंग मशीनच्या पुस्तकापासून बँकेच्या मेसेजपर्यंत, की निकाल माझा. सासरे, म्हणजे बाबा, गोळ्यांच्या पाकिटावरचं नावसुद्धा माझ्याकडून वाचून घेतात. मीही ठसक्यात वाचते.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, ओवी झाली तेव्हा कुहीकडच्या गावातून 'थोड्या दिवसाले' आल्या होत्या. ओवी आता पाच वर्षांची आहे. मी शाळेत, निखिल वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, आणि घर आईंच्या हातात. सगळ्यांना तव्यावरची पोळी थेट ताटात. स्वतः सगळ्यांत शेवटी, ओट्याला टेकून, उभ्यानेच, उरलेली गार पोळी. "आई, बसा ना," म्हटलं की "बसतो वं" म्हणतात आणि बसत नाहीत.

म्हणून या सुट्टीत माझ्या डोक्यात एकच होतं. आईंनी नुसतं बसायचं, आणि कुणीतरी पांढरे हातमोजे घालून गरम ताट त्यांच्यासमोर आणून ठेवायचं. बस.

आता हातमोजे म्हटले की हॉटेल तसंच हवं. निखिलने दिलेलं बजेट धर्मशाळेचं होतं आणि मी बघत होते पचमढीतला साहेबाच्या काळचा बंगला. लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, भिंतीवर शिंगं. मोबाइलवर रोज पाहायचे आणि रोज बंद करायचे. आणि एक दिवस त्याच बंगल्याचे तीन दर दिसले. अमेरिकन प्लॅन सगळ्यांत महाग. कॉन्टिनेंटल त्याहून कमी. आणि युरोपियन प्लॅन तर चक्क आमच्या आवाक्यात.

अमेरिकन महाग असणारच, मी म्हटलं. अमेरिकेचं सगळंच महाग. पण साहेबाच्या बंगल्यात युरोपियन प्लॅन, म्हणजे अस्सल जुनी साहेबी बडदास्त. आणि लोकांना कळत नाही म्हणून स्वस्त. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

"एकदा फोन करून विचारून घे," निखिल म्हणाला.

"काय विचारू? युरोपियनचा अर्थ?" मी अशा नजरेने पाहिलं की तो ओवीची चप्पल शोधायला लागला.

आईंना मात्र धसका. "काहून वं मयुरी, तिथं आपल्याले विंग्रजी जेवण भेटन का?"

"भेटलं तरी शाकाहारी भेटेल, आई. पण काटे-चमच्याने खावं लागेल."

मग काय, लग्नात आलेला आणि आजवर डब्यातच राहिलेला काट्या-चमच्यांचा सेट बाहेर निघाला. रविवारी तर्री-पोह्यांवर पहिली शिकवणी. बाबांच्या काट्याखालून चणा सुटला तो थेट टीव्हीखाली. आईंनी पोहे एका बाजूने उकरत आणले. "हे त खुरप्यानं निंदून राहिल्यावानी वाटते," त्या म्हणाल्या.

पोळीवर सुरी चालवताना बाबा थांबले. "आपून धान कापतो हत्यारानं. खातो त हातानंच ना गा?"

"बाबा, दोन दिवसांचाच प्रश्न आहे," मी म्हटलं. शेजारच्या काकूंनाही सांगून झालं होतं की आम्ही युरोपियन प्लॅनवर चाललोय. त्यांना वाटलं पासपोर्ट निघाला.

निघायच्या आदल्या दिवशी आई चिवड्याचा डबा भरत होत्या. मी तो हातातून काढून घेतला. "आई, हेरिटेज हॉटेल आहे ते. तिथे असं डबा उघडून बसलेलं बरं दिसत नाही."

छिंदवाड्यावरून आमच्या गाडीने घाट चढेपर्यंत मी वाटेत कुणाला काही खाऊ दिलं नाही. भूक राखून ठेवा म्हटलं. दुपारी पोचलो. आणि खरंच, डायनिंग हॉलमध्ये पांढरे हातमोजे घातलेला वेटर उभा होता. मला भरून आलं. आईंना मी मधल्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी डाव्या हातात काटा धरला, मी शिकवला तसा. बाबांनी नॅपकिन गळ्यात बांधला.

वेटरने मेनूकार्ड दिलं. मी ते न उघडताच परत केलं. "भैया, हम युरोपियन प्लॅनवाले हैं."

"जी मॅडम. तो क्या लाऊं?"

"उसमें जो-जो आता है, सब ले आइए."

तो घुटमळला. "मॅडम, उसमें तो... कुछ नहीं आता."

मग मॅनेजर आले. वयस्कर, अतिशय सभ्य गृहस्थ. माझा इतका मान राखून त्यांनी समजावलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. हॉटेलच्या भाषेत युरोपियन प्लॅन म्हणजे फक्त खोली. जेवण ज्याचं त्याने बघायचं.

बाबांनी नॅपकिन सोडता सोडता विचारलं, "मंग काहून गा निखिल, युरोपातले लोक जेवत नाई का?"

मी मेनूकार्ड परत मागून घेतलं. सूपच्या किमतीत आमच्याकडे आठवड्याची भाजी येते. म्हटलं, निदान आईंपुरतं मागवू. पण त्या एकट्या खायला तयार होईनात. खोलीत येऊन मी गुपचूप त्यांची पिशवी उघडली. सासू कुठली ऐकतेय, चिवडा आणलाच असेल. आत शाल, पानाचा डबा आणि ओवीचा स्वेटर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं होतं.

शेवटी बाजारातलं एक भोजनालय गाठलं, तिथे गाडी लावायला जागा नाही म्हणून चालतच. गर्दी ही एवढी, आणि तव्यापाशी मालकाची बायको एकटी. आमच्या पोळ्या काही येईनात. ओवीने भोकाड पसरलं. मी वळून पाहते तो आईंची खुर्ची रिकामी.

आई तव्यापाशी. हातात लाटणं.

"बिचारी एकटीच करून राहिली ना वं," तिथूनच मला म्हणाल्या. "तुमी खा. गरम गरम पाठवतो."

म्हणजे ज्या बाईला ओट्यापासून सोडवायला मी घाट चढून आले, ती पचमढीत परक्यांच्या पोळ्या लाटत होती. मला घास गिळवेना. गिळला, कारण पोळी फारच मऊ होती.

संध्याकाळी चालत परत आलो. निखिल झोपलेल्या ओवीला घेऊन खोलीकडे गेला. आई पायरीवर टेकल्या. मॅनेजर तिथेच होते. त्यांनी आईंकडे पाहिलं, मग मला हळूच म्हणाले, "मॅडम, माताजी को इतना चलना पड़ रहा है, अच्छा नहीं लगता. मैं आपको मॅप दे देता हूं. मेरी तरफ से."

मला वाटलं, बाजारातून आम्ही रस्ता चुकत चुकत आलो हे त्यांना कळलं. दुपारी एवढी शोभा झालेली. आता निदान रस्ता तरी कळतो हे दिसू दे.

"नहीं भैया, मॅप है हमारे पास. मोबाइल में."

ते गोंधळले. "मॅडम, कॉम्प्लिमेंट्री है. पैसे नहीं लगेंगे."

"फ्री का भी नहीं चाहिए," मी मान ताठ करून म्हटलं. "पचमढी कितनी-सी है, हम घूम-फिरकर ढूंढ लेंगे."

त्यांनी माझ्याकडे फार आदराने पाहिलं. दुसऱ्या दिवशीही एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आणि तो दिवस आम्ही भोजनालयातच काढला. तिथे आता आईंची खुर्ची कुणी मांडतच नव्हतं.

परतीच्या दिवशी सकाळी लवकर निघालो. चहा-नाश्ता वाटेत परासियाला करू म्हणजे स्वस्त पडेल, हाही माझाच हिशोब. मोबाइल माझ्या हातात. लष्करी छावणीचे रस्ते सगळे सारखे, आणि रेंज गेलेली. डावीकडे म्हटलं, उजवीकडे म्हटलं, आणि बऱ्याच वेळाने एक ओळखीचं फाटक दिसलं. आमच्याच हॉटेलचं.

निखिल माझ्याकडे बघत नव्हता. बघत नाही तेव्हा तो जास्त बोलत असतो.

मी उतरले. मॅनेजर व्हरांड्यात होते. "भैया," मी खाली बघत म्हटलं, "वो मॅप मिल जाता तो..."

त्यांचा चेहरा खुलला. "अरे मॅडम, कब से कह रहा हूं. आइए, आइए. माताजी, आप भी आइए."

आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना डायनिंग हॉलमध्ये नेऊन बसवलं. मला वाटलं, नकाशा टेबलावर पसरून दाखवणार असतील. तेवढ्यात हातमोजेवाला आला. हातात नकाशा नव्हता. टम्म फुगलेल्या पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी, ओवीसाठी दूध.

"सर, आप लोगों ने यह मॅप आज मांगा?" मॅनेजर निखिलला म्हणाले. "दो दिन से फ्री में दे रहा था. मॅडम ने साफ मना कर दिया."

"कौनसा मॅप?" निखिलने विचारलं.

"मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन, सर. हम लोग मॅप बोलते हैं. नाश्ता और रात का खाना."

निखिलने पुरी खाली ठेवली. तो हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "आणि तू काय म्हणालीस?"

मी काय म्हणाले होते ते मॅनेजरनीच सांगितलं. शब्दन् शब्द, आणि अजूनही आदराने.

पण एक सांगू का? आई बसलेल्या होत्या. वेटर पुरी वाढत होता आणि त्या बसलेल्या होत्या. काटा बाजूला सारून हाताने खात होत्या. तिसरी पुरी ताटात पडल्यावर त्या माझ्याकडे वाकल्या. "मयुरी, पोऱ्यानं हातमोजे काहून घातले वं? हाताले काई झालं का त्याच्या?"

"नाही आई. पद्धत आहे."

"बरं हाय मंग," म्हणाल्या, आणि त्याच्याकडून चौथी घेतली.

पोटभर खाऊन, सगळ्यांना नमस्कार करून आम्ही गाडीत बसलो. फाटकातून बाहेर आलो. निखिलने ब्रेक दाबला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आता डावीकडे की उजवीकडे?"

रस्त्याचा नकाशा मागायचा राहूनच गेला होता. आणि परत आत जाऊन 'भैया, मॅप' म्हणायची माझी काही हिंमत होईना. ते बिचारे दुपारचं जेवणही वाढायला बसले असते.