तेरेआपीने दुकान बदललं

आमच्या गावात सगळ्यात कमी बोलणारी बाई म्हणजे तेरेआपी, आणि सगळ्यात जास्त बोलणारी तिची थोरली बहीण नूरोआ. दोघी मिळून रिटोच्या टोप्या विणायच्या. नारळाचा कोवळा पाला उकळून, उन्हात पांढरा करून विणलेली ही टोपी रविवारी चर्चमध्ये डोक्यावर नसेल, तर आमच्या रारोटोंगा बेटावरच्या बाईला उघडंच आल्यासारखं वाटतं. गेल्या वर्षी नूरोआ गेली. इथे सगळे आपल्या माणसांना पुरतात तसं तिलाही घराच्या अंगणातच पुरलं, ओसरीपासून दहा पावलांवर. तेरेआपी तिच्याकडे तोंड करूनच विणायला बसते.

परदेशात टोप्या विकायला नूरोआने ऑनलाइन दुकान काढलं होतं. ते ज्या कंपनीकडे होतं तिने कळवलं की महिनाअखेर आम्ही गाशा गुंडाळतोय, तुम्ही दुसरीकडे जा. तेरेआपी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. मी इथल्या शाळेत एकवीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे पंपापासून कोंबड्यांच्या रोगापर्यंत मला सगळं कळतं असा गावाचा समज आहे.

दोन दिवस डोळे फोडून मी तीन जागा निवडल्या. एक मोठा बाजार: गिऱ्हाईक आपोआप येतं, पण आपली टोपी हजार टोप्यांत हरवते. दुसरं आपल्या नावाचं स्वतंत्र दुकान: दरमहा भाडं, आणि मांडामांड आपणच करायची. तिसरं न्यूझीलंडचं: तिथे आपली माणसं पुष्कळ, पण त्याबाहेर माल पाठवायची सोय धड नाही. सगळं कागदावर नीट लिहून नेलं.

तेरेआपीने कागद वाचलाच नाही. “बाई, एकच सांगा. विणणारी मेली तर तिचं बोलणं यातलं कोण ठेवतं?”

“कसलं बोलणं?”

“ऑर्डर केल्यावर पत्र येतं ना, ते.”

मी वैतागून घरी आले. कसलं पत्र ते तरी बघू, म्हणून जुन्या दुकानात एक टोपी मागवली. श्वास घेते न घेते तोच फोनवर उत्तर आलं. पत्र नूरोआचं होतं. ‘ऑर्डर मिळाली. आता पाला काढायला निघालेच. घाई करू नका, घाईची टोपी डोक्यावर बसत नाही. नूरोआ.’ भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. माझ्या खिडकीतून तिची कबर दिसते. मी खिडकी लावून घेतली.

मग गिऱ्हाइकांचे पत्ते उतरवून घ्यायला यादी उघडली. एकाच गिऱ्हाइकाने वर्षभरात चौतीस वेळा टोपी मागवली होती आणि दर वेळी त्याच दिवशी रद्द केली होती. पत्ता आमच्याच गावचा, नाव तेरेआपीचं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलंच.

“मग काय करू?” ती म्हणाली. “ती कबरीतून काही बोलत नाही. इथून बोलते.”

मी माझा कागद पुन्हा काढला. ऑर्डरनंतर आपोआप जाणारं हे पत्र पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी कंपनीच लिहिते. दुसऱ्यात आपल्याला लिहिता येतं, म्हणून ते घेतलं. पण पत्राखाली नाव दुकानदाराचंच हवं, आणि दुकानदार ओळखपत्रासकट जिवंत हवा.

“शब्द तिचेच ठेवू,” मी म्हटलं. “खाली तुझं नाव.”

“जिवंतपणी तिने मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. आता तिची वाक्यं माझ्या नावावर खपवली तर उठून थोबाडीत देईल.”

महिनाअखेरीला तिने सकाळी शेवटची टोपी मागवली. आलेलं पत्र कबरीच्या कठड्यावर बसून मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी मी जुना पत्ता टाकून पाहिला, तर कोरं पान. नूरोआ दुसऱ्यांदा मेली असं मला वाटलं, आणि मी विज्ञानाची बाई असून रडले.

नवं दुकान तयार झालं. फोटो लागले, किमती लागल्या. फक्त त्या पत्राची चौकट रिकामी होती. पाच दिवस ती रिकामीच राहिली, आणि मी भडकले. “दोन ओळींना पाच दिवस? आभारी आहे असं लिही आणि मोकळी हो.”

“नूरोआलाही वाटलं असेल, दोनच तर ओळी.” तिने विणणं थांबवलं नाही. “बाई, माझी लेक ऑकलंडला असते. फोनवर आमचं कधी धड बोलणं झालं नाही. मला येतच नाही बोलायला. मी गेल्यावर ती टोपी मागवेल. तेव्हा जे बोलायचं ते आत्ताच लिहून ठेवायला हवं.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला भीतीच वाटली तिची.

सहाव्या दिवशी तिने कागद दिला. ‘तुझी ऑर्डर मिळाली. जेवलीस का? मी इथेच बसले आहे. तेरेआपी.’

गिऱ्हाइकाला कुणी असं लिहितं का, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी चष्मा पुसला आणि होतं तसं टाइप केलं.