राजीनाम्याचं कारण

पहिली नोकरी का सोडली, असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं. ते उत्तर खोटं होतं. निम्मंच खोटं होतं असं म्हणून मी बरीच वर्षं मनाची समजूत घातली, पण अर्धी कच्ची भाकरी खाल्ली तरी पोट दुखायचं ते दुखतंच.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी सतरा वर्षांची होते. वडील दारव्ह्याला जिनात हमाली करायचे. कापसाच्या गाठी उचलून त्यांचा एक खांदा खाली आला होता, पण त्या वर्षापासून माणूस ताठ चालायला लागला. घरातले देव त्यांनी पाण्यात सोडले आणि मला नर्सिंगला घातलं, दोन्ही एकाच वर्षात. आमच्या आळीत तोवर कोणाचीच मुलगी शिकून नोकरीला लागली नव्हती. नागपूरचं ट्रेनिंग संपलं आणि एकोणसाठ साली मला ऑर्डर आली ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, वणीच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्याची. गावाचं नाव सांगत नाही.

मोटारीच्या टपावर माझी पेटी चढवून वडील खिडकीपाशी आले. म्हणाले, "एक ध्यानात ठेव माय. कोनी हिनवलं, तं त्याच दिवशी पेटी उचलून घरी ये. मी काही म्हननार नाही. पन कामाले भिऊन आली, तं मले तोंड नोको दाखवू."

मला तेव्हा ते फार थोर वाटलं. परत यायला आपल्यासाठी एकच दार उघडं ठेवलंय, हे कळायला सहा महिने लागले.

दवाखान्यात दहा खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक म्हातारी आया आणि मी. डॉक्टर मनानं चांगले होते, पण आठवड्यातले तीन दिवस तरी ते कुठल्या खेड्यावर नाहीतर यवतमाळला. मागे राहिलेला सगळा दवाखाना माझ्या अंगावर. वय वर्षं वीस, वजन चाळीस किलो.

हिणवणारे होते, नव्हते असं नाही. कंपाउंडरनं पहिल्याच दिवशी माझ्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवला. मी आठ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी त्याचाच कप घेतला, त्याच्यासमोर चहा ओतून प्यायले, धुऊन जागेवर ठेवला आणि म्हणाले, "आता फोडायचा तर फोडा." त्यानं फोडला नाही. महिनाभर माझ्याशी बोलला मात्र नाही, त्यामुळे कामं भराभर व्हायला लागली. गावातल्या दोन-तीन मोठ्या घरच्या बायकाही मी टेबलावर ठेवलेली गोळी उचलायच्या, हातातली घ्यायच्या नाहीत. मी मुद्दाम हातातच धरून उभी राहायचे. दुखणं त्यांचं, घाई त्यांना. असल्या अपमानांना मी पुरून उरत होते. त्यापायी घरी जावं असं एकदाही वाटलं नाही.

मला घरी जावंसं वाटलं ते मरणामुळे. पहिल्या चार महिन्यांत दोन बाळंतिणी माझ्या हातांखाली गेल्या. एकीला झटके आले, दुसरी रक्त जाऊन गेली. दोघींना फार उशिरा आणलं होतं, डॉक्टर म्हणाले तुमची चूक नाही. पण माझा विश्वास बसेना. मोटारस्टँडकडून बैलबंडीच्या चाकांचा आवाज आला की ती दवाखान्याकडे वळते का, हे मी कान देऊन ऐकत राहायचे. जेवण जाईना. तिसरी कधी येते याची वाट बघत जगत होते म्हणा ना. तीनदा पेटी भरली आणि तीनदा रिकामी केली, कारण घरी जाऊन सांगू काय? भिऊन आले म्हणू?

चैत्रातल्या एका दुपारी ती तिसरी आली. पोडावरची, म्हणजे रानातल्या आदिवासी वस्तीवरची, कोलाम बाई. बंडीतच मूल झालं होतं, पण वार अडकलेली आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर यवतमाळला गेलेले. बरोबर नवरा, तो व्हरांड्यात खांबाला धरून उभा. आया म्हणाली, "बाई, आता तुमीच." ट्रेनिंगमध्ये जे एकदाच, तेही दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिलं होतं, ते मी केलं. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, शेवटी हात घालून वार काढली. माझे दात वाजत होते आणि तोंडानं मी तिलाच म्हणत होते, "भिऊ नको, भिऊ नको." अर्ध्या तासानं रक्त थांबलं. बाई जगली. मूलही जगलं.

आनंद व्हायला हवा होता ना? मला आनंद झाला नाही. हात धुताना एवढंच वाटलं, की ही वाचली, आता चौथी येईल.

संध्याकाळी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले. पाहते तर ती खाटेवरून उतरून खाली गोणपाटावर निजलेली. मी फुलपात्र पुढे केलं. तिचे ओठ सुकून फुटले होते, तरी तिनं हात मागे घेतले, भिंतीकडे सरकली आणि म्हणाली, "नोको. नोको." मी आणखी जवळ गेले तर तिनं तोंडच वळवलं.

माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "मघाशी या हातांनी तुझा जीव वाचवला तेव्हा चाललं? आणि आता पाणी चालत नाही?" तिला मराठी जेमतेम कळायची. मी फुलपात्र खाली आपटलं, खोलीवर गेले आणि एका बैठकीत राजीनामा लिहिला. रुग्णांकडून जातीवरून अपमान होतो, सबब नोकरी करणे शक्य नाही. अक्षर काय सुंदर आलं होतं! इतके महिने न सापडलेलं वाक्य पाच मिनिटांत कागदावर उतरलं. सकाळी डॉक्टर आले तसा तो त्यांच्या हातात दिला.

दुपारी आया माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. तिचं माहेर त्याच भागातलं, कोलामी तिला समजायची. म्हणाली, "बाई, तुमी काहून रागावल्या तिच्यावर? ते काल रडून राह्यलती."

"माझ्या हातचं पाणी तिला चालत नाही म्हणून रागावले."

आयानं कपाळावर हात मारला. "अवो, त्यायच्यात बाळंतीन कोनाले शिवत नाही. पोडावर तिले अलग खोपटात ठेवतेत, पानी वरून ओततेत. तुमचा विटाळ तिले नाही लागत बाई, तिचा तुमाले लागते असं तिले वाटे. म्हने, नर्सबाई मले शिवली अन् मंग दुसऱ्या बायांयले शिवली, तं त्यायचं वाईट होईन. म्हनून तं खाटेवरून खाली उतरली. मी पानाच्या दोन्यात वरून पानी ओतलं, गटागटा पेली पाहा."

मी ऐकलं. मला एका क्षणात सगळं पटलं, कारण खाटेवरून उतरलेली ती बाई मी स्वतः पाहिली होती. जन्मभर दुसऱ्यांनी आमचा विटाळ मानला. कोणी स्वतःचाच विटाळ मानून मला जपत असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

त्याच वेळी उठून तिच्याकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही वाईट म्हणजे माझी चिडचिड झाली. हातात आलेलं कारण ही म्हातारी काढून घेतेय, असं वाटलं. खरं सांगते, असंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी नवरा बंडी घेऊन आला. मी स्टोव्हवर सिरिंज उकळत होते. ती दारापाशी, पण लांबच, थांबली आणि मूल एका हातावर तोलून तिनं मला कसाबसा नमस्कार केला. मी बघितलं आणि स्टोव्हला पंप मारायला लागले. चांगला पेटलेला स्टोव्ह.

डॉक्टरांनी दुपारी बोलावलं. म्हणाले, "आयानं मला सांगितलं सगळं. तुमचं पत्र अजून माझ्या खणात आहे, यवतमाळला गेलेलं नाही. फाडून टाकू? तुमचा हात चांगला आहे. परवा तुम्ही नसता तर ती बाई गेली असती."

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, डॉक्टर, अपमान वगैरे काही नाही, मला भीती वाटते. मी तसं म्हटलं असतं तर ते हसले नसते. दोन महिन्यांची रजा मिळाली असती, कदाचित मी पुढे चाळीस वर्षं नर्स राहिले असते. पण पत्र फाडलं तर राहावं लागणार होतं, आणि दुसरं पत्र लिहिलं तर खरं लिहावं लागणार होतं. मी म्हटलं, "पाठवा."

घरी आले तेव्हा वडिलांनी मला जवळ घेतलं. लहानपणानंतर पहिल्यांदा. "बरं केलं," म्हणाले, "नोकरी गेली तं गेली, मान नाही गेला." मी त्यांच्या त्या खाली आलेल्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि ते समजले, पोरगी अपमानानं रडते आहे.

पुढे मी बालवाडीत लागले, लग्न होऊन गावातच राहिले. वडील मात्र ती हकिकत दर जयंतीला सभेत सांगायचे. पहिल्या वर्षी तिनं पाणी नाकारलं होतं. तिसऱ्या वर्षी तिनं फुलपात्र भिरकावलं. लोक टाळ्या वाजवायचे, बायकांच्या रांगेतल्या माना माझ्याकडे वळायच्या. वडिलांना खरं सांगणार होते मी, दर वर्षी सांगणार होते. पण म्हाताऱ्याच्या आयुष्यात अभिमानानं सांगावं असं होतंच किती? मी असं स्वतःला समजवायचे. ते माझ्यासाठी गप्प राहणं होतं, त्यांच्यासाठी नव्हे.

चौसष्ट-पासष्ट साल असेल. बाजाराचा दिवस, मी माहेरी गेले होते. डोक्यावर टोपल्यांची चळत घेतलेली एक बाई अंगणात आली आणि पाणी मागू लागली. वडिलांनी विचारलं कुठची, तर म्हणाली, पोडावरची, कोलाम. त्यांनी गडवाभर पाणी आणून तिच्या हातात दिलं. "घे माय, पोटभर पे. आमी कोनाले नाही म्हनत नाही. तुमच्यातल्याच एका बाईनं माह्या पोरीच्या हातचं पानी नव्हतं घेतलं, जीव वाचवला तरी."

त्या बाईनं तोंडाजवळ नेलेला गडवा थांबवला. मान खाली घालून म्हणाली, "चुकलं असन बापा तिचं." आणि मग पाणी प्यायली.

मी आत तांदूळ निवडत होते. माजघरातून अंगणात जायला चार पावलं लागतात. मी तांदूळ निवडत राहिले.