नळीवरचा टॉर्च

आमच्या कॉलेजच्या डार्करूममधला जुना गॅस लेझर हल्ली लवकर लागत नाही. आज बटण दाबून दाबून बोट दुखलं, वायरी तपासल्या, तरी काचेची नळी आपली गपगार. कुठे काही तुटलंय का बघायला वैतागून टॉर्च मारला, आणि त्या उजेडात ती एकदम लालसर पेटली. थकलेल्या नळ्यांचं असंच असतं. मिट्ट काळोखात त्यांना सुरुवातच करवत नाही. दुसऱ्याचा थोडा उजेड अंगावर पडावा लागतो.

संध्याकाळी घरी आले ती पर्स खांद्यावर ठेवूनच खुर्चीत बसून राहिले. कणीक मळायची होती, पण उठवत नव्हतं. सासूबाई आतून आल्या. "अगं, तिन्हीसांजेला अंधारात काय बसलीस?" म्हणत त्यांनी दिवा लावला.

मी उठले.