घशातला बेडूक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. इंग्रज आणि फ्रेंच, या दोन थोर संस्कृतींचा मी भर सभेत अपमान केला आहे. त्यांच्या तो अजून लक्षात आलेला नाही. ज्या मुलीच्या लक्षात आला, तिच्याबद्दल सांगायचं आहे.

महाडात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. फ्रेंच मला येत नाही. पण निवृत्त मास्तरला इथे कशावरही बोलायला बोलावतात, आणि — याचा मला अजून संताप येतो — आधी शाल-श्रीफळ देतात, मग भाषण. म्हणजे तोंड उघडण्यापूर्वीच माणूस विद्वान! नंतर तपासणार कोण?

विषय होता इंग्रजी आणि फ्रेंच वाक्प्रचारांतल्या गमती. मुसळधार पाऊस इंग्रजांकडे कुत्र्यामांजरांचा, फ्रेंचांकडे दोरखंडांचा. भेटायचं कबूल करून न येणं म्हणजे फ्रेंचांच्या लेखी समोरच्यापुढे ससा ठेवणं. लोक हसत होते. मग घसा आला. आपला मराठी घसा आपला आपण बसतो, त्याला जनावर लागत नाही. इंग्रजाच्या घशात बेडूक असतो. आणि फ्रेंचांच्या? मांजर. मी वाचलं होतं, मला पक्कं माहीत होतं. पण फ्रेंच बेडूक खातात ना — मोह झाला. म्हणालो, "फ्रेंच म्हणतात, खाल्लेला बेडूक वर आला." सभागृह दणाणलं.

तेव्हा सुनंदा उठली. डोंगरातल्या कुडपण गावची, माझीच जुनी विद्यार्थिनी. मुंबईत नोकरी करता करता फ्रेंच शिकली, आणि इथे वर्ग काढायचा म्हणून बाजारपेठेत गाळा घेऊन बसली होती. ज्यांच्या मुलांवर तिची सगळी भिस्त, ते पालक त्याच सभागृहात होते.

"सर, फ्रेंचमध्ये तिथं बेडूक नाही. मांजर असतं."

एवढंच. हळू, अदबीनं. "बरोबर" म्हणायला मला काय जड होतं? मी म्हणालो, "अगो, मांजर कुडपणात. पॅरिसात बेडूकच!"

केवढे हसले! पोलादपूरचे एक पुढारी तर पहिल्या रांगेतून वळून तिच्यावर खेकसले, "बस गो खाली! सरांना आत्ताच शाल घातली, ते काय चुकीचं बोलतील काय?"

ती बसली. सभा संपल्यावर मी कुणाचा निरोप न घेता मागच्या दारानं सटकलो. इंग्रज याला फ्रेंच रीत म्हणतात, फ्रेंच इंग्रजी रीत म्हणतात. महाडात म्हणतात, सरांना पुढचा कार्यक्रम आहे.

मग पालक माझ्याकडे यायला लागले. हिला साधा बेडूक ठाऊक नाय, मग पोरांना पाठवायचं काय? मी काय सांगितलं? काही नाही. नुसते खांदे उडवले — फ्रेंच उडवतात तसे.

त्या पुढाऱ्यावर मी चिडतो. त्या हसणाऱ्यांवर चिडतो. आधी शाल घालण्याच्या त्या मूर्ख रिवाजावर तर रोज चिडतो. पण शाल काही बोलली नव्हती. बोललो मी. आणि जेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हा गप्प बसलो, तोही मीच.

वर्ग सुरू झाला नाही. सुनंदा मुंबईला परत गेली. तिच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. माझ्या मोबाईलचंही तिथलंच आहे.