उलट्या बटणांचा फलंदाज

"हा तो नव्हेच," असं म्हणून ती चष्मा कपाळावर चढवायची आणि कार्ड नाकाला लागेल इतकं जवळ धरायची. समोर इंग्रज विक्रेता असला तरी हे वाक्य मराठीतच यायचं. पुढे पुढे ते ऐकलं की टेबलांमागचे म्हातारे गप्प होऊन तिच्याकडे बघत राहायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नव्हता.

आणि तिला तिथे नेलं होतं मी.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात आम्ही दोघी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो. ती नागपूरची, मी पुण्याची. तिचा नवरा वीकेंडलाही कामावर असायचा, म्हणून एका शनिवारी तिला मी मेडनहेडच्या कार्ड फेअरला घेऊन गेले. पूर्वी इथे सिगारेटच्या पाकिटात छोटी चित्रांची कार्डं मिळायची, फेअरमध्ये तीच विकायला असतात. काहींवर क्रिकेटपटू असत, खाली नाव छापलेलं. कधी कधी नाव एकाचं आणि फोटो भलत्याचाच. तो खरा कोण, हे शोधायचा मला कित्येक वर्षांचा नाद.

"मला क्रिकेटमधलं काही कळत नाही बाप्पा," ती म्हणाली. "तू पाहा, मी केक खाते."

पुढच्याच खेपेला माझा अल्बम चाळता चाळता तिने दोन कार्डांवर बोट ठेवलं. "हे दोघं एकच आहेत ना गं? कान पाहा." त्या दोघांना मी इतकी वर्षं दोन वेगळ्या नावांनी सांभाळत होते.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण डोळे फोडून जे मिळवतो ते त्यांना येता जाता दिसतं, आणि वर ती निरागसपणे विचारतात, "यात काय एवढं?"

मग आमच्या कलेक्टर्स क्लबात माझं भाषण ठरलं. विषय, माझं सगळ्यात लाडकं कार्ड. त्यावर डावखुरा फलंदाज उभा होता आणि खाली नाव उजव्या हाताने खेळणाऱ्याचं. म्हणजे नाव चुकलं. त्याच संघातला, तशाच मिशांचा एक डावखुरा मी जुन्या वर्तमानपत्रांतून हुडकून काढला होता. हा तोच, याबद्दल मला शंका नव्हती.

आदल्या दिवशी तिच्या किचनमध्ये मी पूर्ण भाषण म्हणून दाखवलं. पोळ्या लाटत तिने ते मन लावून ऐकलं. मग हात पुसून कार्ड घेतलं.

"हा तो नव्हेच."

"अगं, कोण नव्हे?"

"तू म्हणतेस तो. याची बटणं पाहा, बायकांच्या शर्टासारखी आहेत. मी दादाचे जुने शर्ट घालून वाढले, मला लगेच दिसतं. फोटोच उलटा छापलाय."

मी कार्ड घेऊन पॅसेजमधल्या आरशासमोर गेले. आरशात बटणं सरळ झाली आणि फलंदाज उजव्या हाताने खेळू लागला. छापलेलं नाव बरोबर होतं. माझा डावखुरा तिथेच संपला.

"उद्या तूच सांग हे," ती मागून म्हणाली. "मला मधात नको घेऊ."

तिने चूक काढली याचा राग नव्हता. इतक्या मायेने काढली, याचा होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळं घडलं तसं सांगितलं, तिचं नाव घेऊन. हॉलमध्ये टाळ्या झाल्या आणि सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ती तोंडात केक कोंबून नाही नाही म्हणत हात हलवत होती. क्लबचे सेक्रेटरी मला आजवर दुसऱ्याच एका भारतीय बाईच्या नावाने हाक मारत आले होते. त्यांनी तिला नावाचं स्पेलिंग विचारून घेतलं.

परतताना गाडीत ती म्हणाली, "रागावलीस?"

"नाही."

"रागावली आहेस. आधी खाऊन घे." नॅपकिनमध्ये तिने माझ्यासाठी केक बांधून आणला होता. मी तो घुश्शातच खाल्ला. छान होता.

पुढे तिची आई आजारी पडली आणि ती नोकरी सोडून नागपूरला गेली. इथे जमवलेली स्वतःची सगळी कार्डं जाताना मला देऊन टाकली, एकही ठेवलं नाही. आता हॉलमध्ये पुन्हा माझंच राज्य, असं मला वाटलं होतं. पण म्हातारे मला बघितलं की आधी तिचीच चौकशी करायचे.

एकदा फोनवर मी विचारलं, "नवीन काही सापडलं?"

"छे गं, ते सुटलंच. आता आम्ही सकाळी तलावावर पक्षी पाहायला जातो."

ते 'आम्ही' मला लागलं. तिने फोटो पाठवला. ती खळखळून हसत होती, आणि शेजारी माझ्याच वयाची एक बाई, गळ्यात दुर्बीण, तिच्या खांद्यावर हात टाकून उभी. फोटो मोठा करून मी त्या बाईकडे बघत बसले. हिनेच नेलं असणार तिला पहिल्यांदा. थोड्याच दिवसांत सगळे पक्षी तिला हिच्याआधी ओळखू येणार होते, आणि या बाईला त्याची कल्पनाही नव्हती. तरी मला हेवा वाटला तो त्या बाईचाच.

मागच्या फेअरला मी शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवला होता. हॉल भरला होता. एका वयस्कर गृहस्थांनी अदबीने विचारलं, इथे कोणी बसलंय का?

"हो," मी म्हणाले. "येईलच ती."