टाकीतली पाणबुडी

आमच्या बसवनगुडीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा एक गृहस्थ घरी पाणबुडी बांधत होता. पीव्हीसी पाइपांचा सांगाडा, चार मोटारी, पुढे कॅमेरा, मागे लांबलचक वायर. माणसानं काठावर बसून रिमोटनं चालवायची. बेंगळुरात समुद्र कुठं आहे, असं विचारलं की म्हणायचा, "स्वल्प थांबा अण्णा, समुद्र कुठं पळून जातोय?" लिफ्टमध्ये भेटला की बोलणं फक्त गळतीचं. बायकोची तब्येत विचारली तरी उत्तर यायचं, "आता कोरडी आहे. सकाळपासून बादलीत ठेवलीय."

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आम्ही गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली. पाणबुडीला चाकं नाहीत, म्हणून यानं तिच्यापुढची लिंबं स्वतःच्या टाचेनं चिरडली आणि तिला इमारतीच्या जमिनीखालच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत सोडलं. आम्ही सगळे लॅपटॉपभोवती जमलो. पडद्यावर गाळ दिसला, मग एक चप्पल, मग मेलेलं कबूतर.

"पिसं मोजता येतील, बघा!" तो आनंदानं ओरडला.

संध्याकाळी तातडीची मीटिंग झाली. टाकी धुण्याचा विषय पुढच्या महिन्यावर गेला. झाकणाला कुलूप आणि पाणबुडीला बंदी, हे मात्र एकमतानं ठरलं. त्यानं "सरी, सरी" म्हणत नुसती होकारार्थी मान हलवली. मग सेक्रेटरींच्या घरची फिल्टर कॉफी आली. आम्ही सगळे वाखाणत प्यायलो. तो पेल्यात वाकून बराच वेळ बघत राहिला, आणि पेला तसाच खाली ठेवला.